‘सेल्फ’ घेत नाही : एका लहरी बिघाडाचा इतिहास

१/ सकाळी किल्ली फिरवली, तर नुसता ‘टक्’ असा आवाज. पाच मिनिटांनी पुन्हा फिरवली, तर गाडी निमूटपणे सुरू. गॅरेजमध्ये नेली, तर तेथे दहाच्या दहा वेळा सुरू! ‘गाडी सेल्फ घेत नाही’ असे आपण म्हणतो, त्या लहरी बिघाडाचे मूळ शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका शोधात आहे. त्याविषयीचा हा धागा.

२/ ‘सेल्फ’ हा शब्द म्हणजेच इतिहासाचा एक अवशेष. ‘सेल्फ-स्टार्टर’चे हे संक्षिप्त रूप. ‘आपोआप’ असे मुद्दाम म्हणावे लागले, कारण त्यापूर्वी इंजिनाला पहिला फेरा माणसाच्या हाताने द्यावा लागे. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत मागचे आडवे, जड गतिचक्र हाताने फिरवत. पुढे गाडीच्या तोंडाशी लोखंडी हँडल आले.

३/ पेट्रोल इंजिनाला स्वतःहून सुरू होता येत नाही. आधी इंधन व हवेचे मिश्रण आत ओढावे लागते, ते दाबावे लागते, मगच ठिणगीचा उपयोग. ठिणगी वेळेआधी पडली, तर इंजिन उलटा झटका देई आणि हँडल मनगटावर आदळे. मनगटाजवळच्या एका विशिष्ट अस्थिभंगाला वैद्यकात आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात, ते याच काळामुळे.

४/ या जीवघेण्या हँडलचा एक गुण मात्र नोंदवला पाहिजे. हात हेच निदानाचे साधन होते. हँडल फार हलके फिरले, तर कॉम्प्रेशन गेलेले. थंडीत फार जड लागले, तर तेल घट्ट झालेले. बिघाड आणि माणूस यांच्यामध्ये केवळ एक लोखंडी दांडा होता.

५/ आता अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेटन शहरात येऊ. चार्ल्स केटरिंग हे तेथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत अभियंता होते. दुकानातील गल्ल्याचे यंत्र विजेवर चालवण्याचे काम त्यांनी केले. १९०९ मध्ये एडवर्ड डीड्स यांच्यासह त्यांनी ‘डेल्को’ ही कंपनी स्थापन केली.

६/ विजेवर इंजिन फिरवण्याची कल्पना नवी नव्हती. अडचण आकाराची होती. इंजिन फिरवण्याइतकी ताकदवान मोटर व तिला पुरेल अशी बॅटरी गाडीत मावणार कशी? केटरिंग यांना गल्ल्याच्या यंत्राने उत्तर दिले होते. तेथेही मोटरला जोर लागे, पण क्षणभरच. सतत चालायचे नसेल, तर छोट्या मोटरलाही काही सेकंद तिच्या कुवतीबाहेरचे काम देता येते.

७/ १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत ही यंत्रणा बसली. हँडलच्या फटक्याने जखमी झालेले बायरन कार्टर दगावले, त्या धक्क्याने कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी हा ध्यास घेतला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. तिचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. हाडे मोडत होती, हे मात्र निर्विवाद. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला विजेचा स्टार्टर मिळाला तो १९१९ मध्ये.

८/ या धाग्याचा मुख्य मुद्दा आता येतो. केटरिंग यांची युक्ती ‘थोडा वेळ, प्रचंड प्रवाह’ अशी होती. आजचा स्टार्टरही त्याच तत्त्वावर चालतो. गाडीतील इतर उपकरणे मोजके अँपिअर घेतात, स्टार्टर मात्र शंभर-दोनशे अँपिअर सहज ओढतो. ज्या युक्तीने शोध शक्य झाला, तिच्याच पोटी हा लहरी बिघाड जन्मला.

९/ हिशेब पाहा. गंजलेल्या एका सांध्याचा रोध ०.०२ ओहम धरू. त्यातून दिव्याचे ५ अँपिअर गेले, तर ०.१ व्होल्टची घट होईल. ती डोळ्यांना जाणवणारही नाही. त्याच सांध्यातून २०० अँपिअर जायचे म्हटले, तर ४ व्होल्ट तेथेच खर्ची पडतील! म्हणून ‘दिवे लागतात, म्हणजे वीज नीट पोहोचते’ हा निष्कर्ष फसवा ठरतो.

१०/ मग तो ‘कधी कधी’च का? सैल टर्मिनल धक्क्याने क्षणभर नीट टेकते. इंजिनाच्या उष्णतेने सोलेनॉइडच्या तारेचा रोध वाढतो व त्याची ओढ मंदावते. गाडी निवली की तो पूर्ववत होतो. स्टार्टरचे ब्रश झिजले असतील, तर मोटर कोणत्या जागी थांबली होती यावर सारे अवलंबून. बिघाड लहरी वाटतो, पण नियमाबाहेर जात नाही.

११/ इतिहासाच्या अभ्यासकाला हे ओळखीचे वाटावे. समकालीन नोंद नसेल, तर पुढचा तर्क पांगळा. म्हणून गाडी अडेल त्याच क्षणी नोंद करावी : इंजिन गरम की गार? पाऊस होता का? आवाज कोणता?
• ‘टक् टक् टक्’ अशी माळ : बहुधा उतरलेली बॅटरी वा सैल टर्मिनल.
• एकच ‘टक्’ : सोलेनॉइड, ब्रश किंवा जाड केबल.
• पूर्ण शांतता : इग्निशन स्विच वा रिले. ऑटोमॅटिक गाडी न्यूट्रलमध्ये सुरू होत असेल, तर गिअरचा सुरक्षा-स्विच.
• इंजिन जोमाने फिरते, पण पेटत नाही : सेल्फ निर्दोष. इंधन वा ठिणगी तपासा.

१२/ मग मल्टिमीटर. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. एकाने किल्ली फिरवावी, दुसऱ्याने मोजावे. बॅटरीवरच दाब साडेनऊ व्होल्टच्या खाली कोसळला, तर आधी बॅटरी तपासावी. तो टिकला, तर एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावावे. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा दिसला, तर अर्थिंगची केबल दोषी. बिघाड हजर असताना केलेली मोजणीच खरी.

१३/ याच कॅडिलॅकची आणखी एक गोष्ट. १९०८ मध्ये इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथे तिच्या तीन गाड्या सुट्या करून भाग एकमेकांत मिसळले, त्यांतून पुन्हा गाड्या जोडल्या आणि त्या धावल्या. अदलाबदल होणाऱ्या सुट्या भागांचा तो विजय होता. आज आपण त्याचा सोपा अर्थ घेतो : बॅटरी बदला, मग स्टार्टर बदला. दरम्यान गंजलेला सांधा उगीच हलतो, गाडी आठवडाभर सुरू होते आणि श्रेय नव्या भागाला जाते. काळाने आधी घडले ते कारणच, असे मानण्याची ही जुनी चूक.

१४/ सेल्फने आपली मनगटे वाचवली, हे ऋण मोठे आहे. त्याच्या मोबदल्यात हाताला कळणारी गोष्ट तारांच्या आत गेली. ती पुन्हा कळावी, म्हणून नोंद ठेवायची आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची. पुढच्या वेळी गाडी अडली, तर बॉनेट उघडण्याआधी वही उघडा.

(धागा समाप्त)