नागपुरात सहा मंडळ्या एक झाल्या

मैत्रिणींनो, ग्रामपंचायतीची निवडणूक झाली की काय होतं, ते आम्ही पिंगळीच्या बायांनी तुम्हाला वेगळं सांगायला नको. हळदीकुंकवाला एक गल्ली येते, दुसरी येत नाही. बचत गटाच्या बैठकीत दोघी जणी सतरंजीच्या दोन टोकांना बसतात. म्हणून आज आम्ही एक जुनी गोष्ट काढली आहे. ती ख्रिस्ती लोकांची आहे, पण रुसवेफुगवे कोणत्या घरी नसतात?

बाहेरून बघणाऱ्याला ख्रिस्ती म्हणजे सगळे एकच वाटतात. तसं नाही. मिशनरी वेगवेगळ्या देशांतून आले आणि आपापल्या मंडळ्या घेऊन आले. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, 1831 पासून अमेरिकन मराठी मिशन होतं. पुढे त्याच जिल्ह्यात इंग्लंडच्या अँग्लिकन मंडळीनं काम उभं केलं. आपल्या शेजारच्या जालन्यात रेव्हरंड नारायण शेषाद्री होते, ते स्कॉटलंडच्या मंडळीचे. त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची वस्तीच वसवली. आता स्कॉटलंडमधले वाद जालन्याच्या बाईला काय माहीत? पण मंडळीचा शिक्का तिच्यावरही बसला.

ही मंडळी एक करायची बोलणी उत्तरेत 1929 साली सुरू झाली. ती 41 वर्षं चालली! मधल्या काळात देशाची फाळणी झाली. फाळणीला दीड महिनाही झाला नव्हता, तेव्हा 27 सप्टेंबर 1947 ला मद्रासमध्ये दक्षिणेतल्या मंडळ्या एक झाल्या. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, रझाकारांचे दिवस होते.

उत्तरेचा दिवस उगवला 29 नोव्हेंबर 1970 ला, आपल्याच महाराष्ट्रात, नागपूरला. त्याच्या आदल्या वर्षी काँग्रेस फुटली होती. इंडिकेट की सिंडिकेट, यावरून देशभर तट पडले होते. अशा वेळी अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि युनायटेड चर्च अशा सहा मंडळ्यांची मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. अमेरिकन मिशन आणि स्कॉटिश मिशन या दोघांच्या मंडळ्या 1924 पासून त्या युनायटेड चर्चमध्येच होत्या.

एवढी वर्षं अडलं कशावर? एक अडचण पाळकांची होती. अँग्लिकन म्हणत, बिशपनं डोक्यावर हात ठेवून नेमला तोच खरा पाळक. बाकीच्यांकडे तसे बिशपच नव्हते. म्हणजे त्यांचे पाळक आजवर खोटे होते का? कोणाला तसं म्हणवेना, आणि कोणी तसं ऐकूनही घेणार नव्हतं. तोड अशी निघाली की सगळ्यांच्या प्रतिनिधींनी गुडघे टेकायचे आणि एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवायचे. कोणाकडे काय कमी होतं, हे प्रार्थनेत उच्चारायचंच नाही. काहींना ही पळवाट वाटली. आम्हाला विचाराल तर हे घरातल्या जाणत्या बाईचं शहाणपण आहे. सगळ्यात आधी कोण चुकलं ते ठरवायला बसलो, तर पंगत उठेपर्यंत भांडण संपत नाही.

सगळेच काही आले नाहीत. अमेरिकन परंपरेची मोठी मेथडिस्ट मंडळी बोलण्यांत होती, पण ती ऐन वेळी मागे फिरली. आणि एक झाल्यावर सगळं गोडच झालं असंही नाही. जमिनी, इमारती कोणाच्या नावावर, यावरून कज्जे झाले. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 2013 साली निकाल नव्या चर्चच्या विरोधात लागला. मनं जुळली तरी सातबारा वेगळाच बोलतो, हे तुम्हा-आम्हाला नवं नाही.

दुसरी अडचण बाप्तिस्म्याची होती. काही मंडळ्या तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत. बाप्टिस्ट आणि ब्रदरन म्हणत, माणसानं मोठं होऊन, समजून-उमजून तो घ्यावा, आणि घ्यावा तर पाण्यात पूर्ण बुडून. इथे कोणीच हटलं नाही. मग कोणी हटायचंच नाही असं ठरलं आणि दोन्ही रीती कायम ठेवल्या. त्यामुळे या मंडळीत एका घरी बाळाला बाप्तिस्मा देतात, तर दुसऱ्या घरी लेकरू देवाला अर्पण करून, प्रार्थना करून घरी आणतात आणि ते मोठं व्हायची वाट बघतात.