व्रण दिसला म्हणजे कारण सापडले?

मणक्यातल्या गादीचे ऑपरेशन होते, काही महिन्यांनी पाय पुन्हा ठणकू लागतो आणि एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘फायब्रोसिस’, म्हणजे आतला व्रण, असे लिहून येते. निदान लगेच ठरते: नस चिकटली. मग हळहळ, की पहिल्याच वेळी एखादे जेल लावून व्रणाची ही जाळी रोखली असती तर!

हा समज निराधार नाही. मणक्याची कमान काढल्यावर पाठीच्या स्नायूंकडून तंतुमय पडदा वाढत येऊन मज्जारज्जूच्या आवरणावर बसतो, हे लारोका आणि मॅकनॅब या संशोधकांनी १९७४ मध्ये दाखवले. १९९६ मध्ये रॉस व सहकाऱ्यांना आढळले की व्रण फार दाट असलेल्यांत पायाची कळ परतण्याची शक्यता तिपटीहून जास्त असते. या पक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा हाच.

पण ते सहचर्य आहे, कारण नव्हे. व्रण हा जखम भरण्याचाच भाग. ऑपरेशननंतर ठणठणीत हिंडणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही तो दिसतो. तोच दुखण्याचे मूळ असेल, तर त्याला अडवल्यावर दुखणे कमी व्हायला हवे. ‘ॲडकॉन-एल’ या जेलला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. जर्मनीतल्या मोठ्या चाचणीत, जिचा अहवाल २००१ मध्ये आला, ते लावलेल्या आणि न लावलेल्या रुग्णांत फरक दिसला नाही. त्याच वर्षी ते बाजारातून मागे घेतले गेले. व्रण काढायला पुन्हा ऑपरेशन करावे, तर त्या जागी नवा व्रण येतो, आणि चिकटलेले आवरण सोडवताना ते फाटण्याचा धोका वेगळाच.

मला खरी चीड आहे ती पुढच्या गोष्टीची. व्रणावर बोट ठेवले की शोध थांबतो. संशोधक बर्टन व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये फसलेल्या ऑपरेशनांची कारणे तपासली, तेव्हा निम्म्याहून जास्त रुग्णांत नस बाहेर पडण्याची बाजूची वाट अरुंद राहिलेली निघाली. व्रणाचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत होता. व्रण आणि गादीचा सुटलेला तुकडा यांत गल्लत होऊ नये म्हणून दुसऱ्या एमआरआयला शिरेतून गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट औषध देतात. व्रणात रक्तवाहिन्या असतात, त्यामुळे तो काही मिनिटांत उजळतो; गादीचा सुटलेला तुकडा मधे काळाच राहतो, उजळते ती फक्त त्याची कड. तो काळा ठिपका शोधायचा असतो!

व्रण कमी राहावा म्हणून पहिल्या ऑपरेशनमध्ये छेद लहान ठेवावा, रक्तस्राव नीट थांबवावा, मणक्यांच्या कमानींमधला पिवळा बंध शक्य तितका राखावा, हे सारे करावेच; दुसऱ्यांदा तिथे हात घालावा लागला तर सर्जनचे काम सोपे होते. रुग्णाने मात्र जाळीच्या धास्तीने अंथरूण धरू नये, आणि नस ‘सुटावी’ म्हणून पाय ताणतही बसू नये. नस सरकवण्याच्या व्यायामांची २००१ मध्ये चाचणी झाली, त्यात जादा फायदा आढळला नाही. उलट चार ते सहा आठवड्यांनी सुरू केलेल्या साध्या, नियमित व्यायामाने वेदना लवकर उतरते आणि पुन्हा ऑपरेशनची वेळ येण्याचे प्रमाणही त्याने वाढलेले दिसत नाही.