‘आपला माणूस’ आणि खुर्चीचा हिशेब

नांदेड आणि लातूर. एसटीने तीन-चार तासांचे अंतर. महाराष्ट्र राज्य झाल्यापासून मराठवाड्याच्या वाट्याला चार मुख्यमंत्री आले आणि ते चारही याच दोन जिल्ह्यांच्या राजकारणातून वर गेले. नांदेडचे शंकरराव चव्हाण आणि त्यांचे पुत्र अशोक चव्हाण, लातूरचे शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख. चहाच्या टपरीवर ही यादी आजही अभिमानाने म्हटली जाते. मात्र यातल्या कोणाची खुर्ची कशामुळे गेली, हे विचारले की आवाज खाली येतो. मग ठरलेले उत्तर मिळते: ‘आपला माणूस होता म्हणून पाडला.’

हे उत्तर मी आणखी एका ठिकाणी ऐकत मोठा झालो. आमच्या मोहल्ल्यातली बुजुर्ग मंडळी बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांच्याबद्दल शब्दशः हेच बोलायची. प्रदेश वेगळा, समाज वेगळा, पण वाक्य तेच. म्हणून या लेखात दोन्ही गोष्टी एकत्र मांडतो आहे.

सुरुवात अंतुल्यांपासून करू. कोकणातल्या आंबेतचा हा माणूस जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाला. महाराष्ट्राचे ते पहिले आणि आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. कामाचा उरक विलक्षण. संजय गांधी निराधार योजना त्यांच्याच काळातली. जालना आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे १ मे १९८१ रोजी झाले. त्याच वर्षी औरंगाबादला उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाले आणि मराठवाड्यातल्या पक्षकारांचा मुंबईचा हेलपाटा वाचला. ही कामे खोटी नाहीत.

पण खोटे दुसरेही नव्हते. त्या काळी सिमेंट खुल्या बाजारात मिळत नसे. सरकारी कोट्यातून परमिट लागे. बिल्डरांना सिमेंट मिळायचे आणि ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’सारख्या ट्रस्टना देणग्या मिळायच्या. ऑगस्ट १९८१ च्या अखेरीस अरुण शौरींनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये हे प्रकरण बाहेर काढले. समाजवादी नेते प. बा. सामंत न्यायालयात गेले. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांचा संबंध असल्याचे म्हटले आणि अंतुल्यांना राजीनामा द्यावा लागला. भाजपचे रामदास नायक यांनी दाखल केलेला फौजदारी खटला पुढे अनेक वर्षे रेंगाळला. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने आपल्याच न्यायालयाचा आधीचा आदेश मागे घेतला. अंतुल्यांना शिक्षा झाली नाही. पुढे ते दोनदा केंद्रात मंत्री झाले.

दुसरी गोष्ट निलंग्याची. जून १९८५ मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकर मुख्यमंत्री झाले. लातूर जिल्हा होऊन तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राची एमडी परीक्षा झाली. तिला मुख्यमंत्र्यांची कन्याही बसली होती. तिच्या फायद्यासाठी गुणांत फेरफार झाला, असा आरोप करत त्याच परीक्षेत नापास झालेला एक तरुण डॉक्टर उच्च न्यायालयात गेला. त्याच्यामागे ना पक्ष होता ना पैसा. न्यायालयाला फेरफार झाल्याचे दिसले आणि एकल न्यायाधीशांनी बोट थेट मुख्यमंत्र्यांकडे दाखवले. मार्च १९८६ मध्ये निलंगेकरांनी राजीनामा दिला. कारकीर्द अवघी नऊ महिन्यांची. अपिलात खंडपीठाने तो ठपका जशाच्या तसा ठेवला नाही, पण प्रतिकूल शेरे कायम राहिले. सर्वोच्च न्यायालयातूनही हे शेरे पुसले गेले नाहीत. उलट सार्वजनिक जीवनाची घसरण होत असून ते स्वच्छ करण्याची गरज आहे, असे त्या न्यायालयाने बजावले.

निलंगेकरांच्या जागी शंकरराव चव्हाण आले. शिस्तीमुळे लोक त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणत. म्हणजे लातूरच्या माणसाची खुर्ची गेली तरी ती मराठवाड्याबाहेर गेली नाही, नांदेडला आली. ‘मराठवाड्याचा म्हणून पाडला’ म्हणणाऱ्यांना ही एक गोष्ट नेमकी आठवत नाही.

तिसरी गोष्ट विलासरावांची, आणि तिच्यात राजीनामाच नाही. बुलडाणा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी एका काँग्रेस आमदाराच्या सावकार कुटुंबाविरुद्ध पोलिसांत धाव घेतली होती. विदर्भात शेतकरी आत्महत्यांचा तो भर होता. २००६ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातून सूचना गेली आणि तक्रार नोंदवण्यात अडथळा आला. प्रकरण नागपूर खंडपीठात गेले, तिथे सरकारला २५ हजारांचा दंड झाला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०१० मध्ये त्या न्यायालयाने मुख्यमंत्र्यांच्या हस्तक्षेपावर कडक ताशेरे ओढले आणि दंड वाढवून दहा लाख केला. तेव्हा विलासराव केंद्रात मंत्री होते आणि मंत्रीच राहिले. दंड राज्य सरकारने भरायचा होता. सरकारचा पैसा म्हणजे कोणाचा? ज्याची तक्रार दाबली त्या शेतकऱ्याचाही त्यात वाटा आहेच.

चौथी गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, निदान नावाने. मुंबईत कुलाब्याला ‘आदर्श’ नावाची ३१ मजली इमारत उभी राहिली. माहिती अधिकाराच्या अर्जांतून आणि वृत्तपत्रांतून तिची कागदपत्रे बाहेर आली. अशोक चव्हाण महसूलमंत्री असताना सोसायटीत बिगरलष्करी सभासदांना वाट मोकळी झाली आणि त्यांच्या जवळच्या नातेवाइकांना तिथे सदनिका मिळाल्या, असा आरोप झाला. चव्हाणांनी तो सतत नाकारला. पण नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. त्यांचे वडील आले होते ते दुसऱ्याच्या घोटाळ्यानंतर घर झाडायला. पुत्र गेले ते स्वतःवरच्या आरोपांमुळे.

यानंतर जे घडले ते राजीनाम्याहून महत्त्वाचे. न्यायमूर्ती जे. ए. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. जमीन लष्कराची नसून राज्य सरकारची आहे आणि ती कारगिलच्या जवानांसाठी राखीव नव्हती, असे आयोगाने म्हटले. म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली निम्मी कहाणी आयोगाने खोडली. पण उरलेली निम्मी जास्त गंभीर निघाली. २५ सभासद अपात्र, २२ सदनिका बेनामी. राजकीय वरदहस्त दिल्याबद्दल ज्यांची नावे आयोगाने घेतली त्यांत चार माजी मुख्यमंत्री होते: अशोक चव्हाण, विलासराव देशमुख, सुशीलकुमार शिंदे आणि शिवाजीराव पाटील निलंगेकर. चारपैकी तिघे आमच्या दोन जिल्ह्यांतले. निलंगेकरांचे नाव तर १९८६ नंतर दुसऱ्यांदा आले.

डिसेंबर २०१३ मध्ये मंत्रिमंडळाने हा अहवाल फेटाळला. टीका झाल्यावर काही दिवसांतच तो अंशतः स्वीकारला. एका राज्यपालांनी चव्हाणांवर खटला चालवायला परवानगी नाकारली. सरकार बदलल्यावर २०१६ मध्ये दुसऱ्या राज्यपालांनी ती दिली. डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ती परवानगी रद्द केली, कारण न्यायालयात टिकेल असा नवा पुरावा समोर नव्हता. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने मागच्या राजवटीवर श्वेतपत्रिका काढली, तिच्यात ‘आदर्श’चा उल्लेख होता. त्यानंतर काही दिवसांतच अशोक चव्हाण त्याच सत्ताधारी पक्षात गेले आणि राज्यसभेचे खासदार झाले.

आता या गोष्टी एका रांगेत ठेवून पाहा. १९८२ मध्ये उच्च न्यायालयाच्या एका निकालाने मुख्यमंत्री जात असे. १९८६ मध्येही गेला. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे ताशेरे येऊनही मंत्रिपद गेले नाही. २०१३ मध्ये आयोगाचा अहवालच सरकारने बाजूला सारला. २०२४ मध्ये तर प्रश्न विचारणाऱ्यांनीच दार उघडून स्वागत केले. माणसे आधी साधू होती आणि नंतर बिघडली असे मला म्हणायचे नाही. घटली ती लाज. पूर्वी शिक्षा होत नव्हती, पण किमान लाज वाटत असे. आता तीही सक्तीची राहिली नाही.

हे आपल्याकडेच घडते असेही नाही. फेब्रुवारी १९९२ मध्ये इटलीत मिलानच्या एका वृद्धाश्रमाचा संचालक लाच घेताना पकडला गेला. धागा ओढता ओढता सारे राजकारण उसवले. माजी पंतप्रधान बेत्तिनो क्राक्सी ट्युनिशियाला निघून गेले आणि तिथेच वारले. दुसऱ्या महायुद्धापासून सत्तेत असलेला ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्ष १९९४ मध्ये संपला. त्या रिकाम्या जागेवर आले ते टीव्ही वाहिन्यांचे मालक बर्लुस्कोनी, ज्यांना पुढे करचुकवेगिरीत शिक्षा झाली. तिथे पक्ष बुडाले, आपल्याकडे पक्षही तरले. मतदारांनी माणसे बदलली, पण हिशेब मागायची सवय लावून घेतली नाही, हे दोन्हीकडे सारखेच.

आणि इथेच ‘आपला माणूस’ आडवा येतो. त्या वाक्यात थोडे तथ्य आहे, हेही कबूल करू. अंतुले सत्तेच्या जुन्या वर्तुळातले नव्हते आणि त्यांच्या पडण्याने अनेकांना आनंद झाला. मराठवाड्याच्या नेत्याकडे मुंबई-पुण्यातून कसे पाहिले जाते, हेही आपण जाणतो. पण विरोधकांना आनंद झाला म्हणून सिमेंटचा कागद खोटा ठरत नाही आणि गुणपत्रिकेतली खाडाखोड पुसली जात नाही. नेत्यावर आरोप झाला की अपमान साऱ्या समाजाचा होतो. सदनिकांचे वाटप होते तेव्हा मात्र समाजाला कोणी बोलावत नाही.

मराठवाड्याचा अनुशेष दांडेकर समितीने १९८४ मध्ये मोजून दिला होता. त्यानंतर या प्रदेशाने चार वेगवेगळे मुख्यमंत्री पाहिले. एप्रिल २०१६ मध्ये दोन मुख्यमंत्री देणाऱ्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ रुग्ण दगावल्याची बातमी आली, त्यांत १२ नवजात बाळे होती. ‘आपला माणूस’ खुर्चीवर होता, याचा हिशेब असा भरला गेला.

या इतिहासात अभिमान वाटावा अशी माणसेही आहेत. नापास झाल्यावर गप्प न बसलेला तो डॉक्टर, सावकाराविरुद्ध पाय मागे न घेतलेला तो शेतकरी, कोर्टाची पायरी चढणारे सामंत, माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन खिडकीत उभे राहिलेले कार्यकर्ते. यांच्या नावाचा चौक ना नांदेडला आहे ना लातूरला. टपरीवरची ती यादी पुढच्या वेळी म्हणताना ही नावे तिला जोडावीत. आपली माणसे ती होती.