खुला मंच आणि बाहेरील वाद्यकार : संगीत-सॉफ्टवेअरच्या खुलेपणाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

गेल्या चार दशकांत संगीतनिर्मितीचे काम मोठ्या प्रमाणावर ध्वनिमुद्रणगृहातून संगणकाकडे सरकले आहे. चाल बांधणे, वाद्यमेळ रचणे, मुद्रण आणि संकलन ही सर्व कामे आज एकाच सॉफ्टवेअरमध्ये करता येतात. अशा सॉफ्टवेअरला प्रस्तुत निबंधात 'मंच' असे म्हटले आहे. या मंचावर वाजणारी वाद्येही सॉफ्टवेअरच्याच रूपात असतात. प्रारंभी मंच आणि त्यावरील वाद्ये यांचा निर्माता बहुधा एकच असे. पुढे काही कंपन्यांनी आपला मंच बाहेरील वाद्यनिर्मात्यांना खुला केला आणि या क्षेत्राचे स्वरूप पालटले.

या घटनेकडे सामान्यतः व्यापारी दृष्टीने पाहिले जाते. तथापि तिला सांस्कृतिक बाजूही आहे. बाहेरच्या निर्मात्याला प्रवेश मिळाला, तरी त्याने आपले वाद्य कोणत्या भाषेत मांडावे हे मंचाचा मालक किंवा मानक ठरविणारी संस्थाच निश्चित करते. म्हणून मंच खुला होण्यात परवाना आणि भाषा असे दोन स्वतंत्र प्रश्न अंतर्भूत असतात. महाराष्ट्राला हे दोन्ही प्रश्न नवे नाहीत. संगणक येण्यापूर्वी हार्मोनियमच्या निमित्ताने ते येथे उपस्थित झाले होते. त्या अनुभवाच्या प्रकाशात सॉफ्टवेअर-मंचांचा इतिहास तपासणे आणि खानदेशातील वाद्यांच्या दृष्टीने त्याचा अर्थ लावणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

पूर्वपीठिका : हार्मोनियम आणि श्रुतींचा प्रश्न

हार्मोनियम हे मूळचे युरोपीय वाद्य. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमध्ये त्याला आकार आला आणि भारतात त्याचे मांडीशी घेऊन वाजविण्याजोगे रूप घडले. मराठी संगीत रंगभूमी, कीर्तन आणि भजन यांनी ते आपलेसे केले. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांनी त्याला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु या वाद्याची पट्टी बारा स्थिर स्वरांवर बेतलेली आहे. मींड, आंदोलन आणि रागानुसार बदलणारे सूक्ष्म स्वर यांना तीत जागा नाही. वाद्य सर्वांना उपलब्ध झाले, पण त्याची भाषा मात्र दुसऱ्या संगीतपरंपरेची राहिली.

ही उणीव भरून काढण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचा अभ्यास करून १९१० मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. या कामात त्यांना अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचे साहाय्य लाभले. मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी देवलांचे कार्य पुढे नेले. त्यातून सप्तकात बारापेक्षा अधिक स्वर देणारी श्रुती-हार्मोनियम तयार झाली आणि १९१६ च्या बडोदे येथील अखिल भारतीय संगीत परिषदेत ती चर्चेचा विषय ठरली. भातखंडे यांच्यासारख्या अभ्यासकांना त्यामागील श्रुतिविचार मान्य नव्हता. तात्त्विक मतभेद बाजूला ठेवले, तरी हे वाद्य प्रचारात रुजले नाही ही वस्तुस्थिती उरते. सामान्य वादकाच्या हाताला बारा पट्ट्यांची सवय झाली होती आणि कारागिरांची घडणही तीच होती. अलीकडच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी पट्ट्यांची परिचित मांडणी कायम ठेवून श्रुतींची निवड करता येईल अशी हार्मोनियम सिद्ध केली, हे येथे लक्षणीय ठरते.

परवान्याचा प्रश्नही हार्मोनियमच्या वाट्याला आला. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सत्तरच्या दशकाच्या आरंभी शिथिल झाली. या काळात मैफलीत व मंदिरात हार्मोनियम वाजतच होती, पण देशातील सर्वांत प्रभावी ध्वनिमंचावर तिला स्थान नव्हते. मंचाचा मालक वाद्याचे भवितव्य किती प्रमाणात ठरवू शकतो, याचा हा ठळक दाखला होय.

मिडी : समाईक भाषेचा उदय

इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या जगात १९८० पर्यंत प्रत्येक कंपनीची जोडणी निराळी होती. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने समाईक मानकाचा विचार सुरू झाला. जानेवारी १९८३ मध्ये दोन भिन्न कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून एकत्र वाजविण्यात आली. हेच मिडी मानक. ते कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचे ठेवले गेले नाही आणि म्हणूनच ते जगभर पसरले.

तथापि मिडीची घडण पट्टीच्या वाद्यावरून झाली होती. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, हा तिच्या भाषेचा गाभा आहे. पट्ट्यांसाठी १२८ क्रमांक आणि संदेशांसाठी सोळा वाहिन्या अशी तिची मर्यादा आहे. स्वर खाली-वर सरकविण्याची सोय तीत आहे, पण ती संपूर्ण वाहिनीला एकदम लागू होते. सतारीचे उदाहरण घेतल्यास अडचण स्पष्ट होते. वादक बाजाच्या तारेवर मींड घेतो तेव्हा चिकारीच्या तारा आपल्या स्वरावर स्थिर असतात. मिडीच्या एकाच वाहिनीवर हे वाजविले, तर मींडेबरोबर चिकारीचा स्वरही सरकतो. निरनिराळ्या वाहिन्या वापरून त्यावर मार्ग काढता येतो, पण तो आडवळणाचा ठरतो. हार्मोनियमच्या बारा पट्ट्या अशा प्रकारे संगणकातही शिरल्या.

बंद मंचाकडून खुल्या मंचाकडे

जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीचे क्यूबेस हे सॉफ्टवेअर १९८९ मध्ये आले. १९९६ मध्ये या कंपनीने व्हीएसटी नावाची जोडणी-पद्धत प्रचारात आणली आणि तिचा तपशील बाहेरील निर्मात्यांना उपलब्ध करून दिला. प्रारंभी ही पद्धत ध्वनीवर संस्कार करणाऱ्या साधनांपुरती होती. १९९९ मध्ये तिच्या दुसऱ्या आवृत्तीने सॉफ्टवेअर-वाद्यांनाही प्रवेश दिला. मंच न बनविता केवळ वाद्ये बनविणाऱ्या लहान कंपन्यांचा आणि एकट्याने काम करणाऱ्या निर्मात्यांचा नवा वर्ग यानंतर वाढीस लागला.

स्वीडनमधील प्रॉपेलरहेड कंपनीचा मार्ग याहून वेगळा होता. २००० मध्ये आलेले तिचे रीझन हे सॉफ्टवेअर पूर्णतः बंद होते. त्यातील सर्व वाद्ये कंपनीचीच असत आणि त्यामुळे ते स्थिर व भरवशाचे मानले जाई. २०१२ मध्ये कंपनीने रॅक एक्स्टेन्शन या योजनेद्वारे बाहेरील वाद्यनिर्मात्यांना प्रवेश दिला. मात्र वाद्ये कंपनीच्या आखणीत बसणारी असावी लागत आणि त्यांची विक्री कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून होई. याला नियंत्रित खुलेपणा म्हणता येईल. ग्राहकाला त्यात सुरक्षितता होती. निर्मात्याला मात्र एका मंचासाठी केलेले काम दुसरीकडे सहज नेता येत नव्हते. अखेर २०१७ मध्ये रीझनने व्हीएसटी वाद्यांनाही दार उघडले. बाहेर वाढलेल्या विस्तृत वाद्यसंग्रहापासून दूर राहणे बंद मंचाला परवडत नाही, असा या घटनाक्रमाचा अर्थ लावता येतो.

परवान्याची शाश्वती

खुला झालेला मंच खुलाच राहील याची शाश्वती मात्र नसते. स्टाइनबर्गने २००८ मध्ये व्हीएसटीची तिसरी आवृत्ती आणली आणि २०१८ मध्ये दुसऱ्या आवृत्तीचे विकसन-साहित्य नव्या निर्मात्यांना देणे थांबविले. जुने करार असलेल्यांचे काम सुरू राहिले, पण नव्याने येणाऱ्यांसाठी ते दार मिटले. सर्वत्र रूढ झालेली पद्धतही शेवटी एका कंपनीची मालमत्ता असते, याची जाणीव निर्मात्यांना झाली. २०२२ मध्ये बिटविग व यू-ही या कंपन्यांनी क्लॅप ही मुक्त परवान्याची पर्यायी पद्धत जाहीर केली. २०२५ मध्ये स्टाइनबर्गनेही व्हीएसटीच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी मुक्त परवाना स्वीकारला.

याच काळात भाषेचाही विस्तार झाला. २०१८ मध्ये मिडीच्या चौकटीत प्रत्येक स्वराला स्वतंत्र वाहिनी देणारी एमपीई ही पद्धत मान्य झाली. २०२० मध्ये स्वीकारलेल्या मिडीच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे सरकविण्याची तरतूद आहे. सतारीची मींड आणि स्थिर चिकारी एकाच वेळी सांगता येईल, इतकी ही भाषा आता समर्थ झाली आहे.

खानदेशातील वाद्यांचा संदर्भ

एरंडोल, धरणगाव, पारोळा या परिसरातील वरातीत आणि अहिराणी गीतांच्या ध्वनिमुद्रणात की-बोर्डने आपले स्थान पक्के केले आहे. बाजारात मिळणाऱ्या की-बोर्डमधील आवाज मात्र बहुतांशी इतरत्र ठरलेले असतात. गोंधळातील संबळ हे वाद्य याची मर्यादा दाखविते. वाकड्या टोकाच्या काडीमुळे त्याच्या नादाला जो हेलकावा येतो, तो एका आघाताच्या एका नमुन्यात सामावत नाही. सातपुडा व डांग परिसरातील आदिवासींची पावरी भोपळा आणि बांबू यांपासून बनते. तिचा स्वरमेळ बारा पट्ट्यांच्या मापाने घडलेला नसतो. अशी वाद्ये पट्टीच्या भाषेत उतरविताना त्यांचा स्वभावच दुरुस्त केला जाण्याचा धोका संभवतो.

मंच खुला असल्यामुळे ही वाद्ये घडविण्यास आज कोणाच्या अनुमतीची वाट पाहावी लागत नाही. उणीव आहे ती जाणकार निर्मात्यांची. मिरजेचे उदाहरण येथे मार्गदर्शक ठरते. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात तेथे तंतुवाद्यांची कारागिरी उभी केली आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीचा आराखडा सर्वांना खुला होता. तथापि मिरजेचे नाव झाले ते कारागीर आणि गायक-वादक यांच्या नित्य सहवासामुळे. सॉफ्टवेअर-वाद्यालाही असाच सहवास आवश्यक आहे. महाविद्यालयातील संगणकशास्त्र, संगीत आणि मराठी हे विभाग गोंधळी व पावरीवादक यांच्यासह एकत्र आल्यास तो घडू शकेल. अशा प्रसंगी वादकाची संमती, त्याचे नाव आणि त्याचा मोबदला या गोष्टी प्रारंभीच निश्चित होणे अगत्याचे आहे, अन्यथा मंच खुला होऊनही मूळ वाद्यकार बाहेरच राहील.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. मंचाचा खुलेपणा परवान्यापुरता असून भागत नाही, कारण भाषा अपुरी असल्यास आलेले वाद्य आपले वैशिष्ट्य गमावते. भाषा समृद्ध असली तरी श्रुती-हार्मोनियमप्रमाणे ती वादकाच्या हाताला आणि कारागिराच्या घडणीला मानवली पाहिजे. तसेच दिलेला परवाना परत घेतला जाऊ शकतो, म्हणून कोणा एकाच्या मालकीची नसलेली मानके अधिक विश्वसनीय ठरतात. हार्मोनियमच्या काळात भाषा आणि परवाना हे दोन्ही अडथळे मराठी संगीताच्या वाटेत होते. आज ते बरेचसे दूर झाले आहेत. यापुढे खानदेशातील वाद्ये संगणकावर आली नाहीत, तर त्याचा दोष मंचाच्या मालकांकडे बोट दाखवून टाळता येणार नाही.