जुन्या ‘बुलेट’ची ताकद वाढवताना

बिडाच्या सिलिंडरची जुनी ‘बुलेट’ आजही अनेक घरांत जपून ठेवलेली असते. वडिलांनी किंवा काकांनी हौसेने घेतलेली ही गाडी काही वर्षे धूळ खात पडते आणि एक दिवस पुढच्या पिढीतील कोणीतरी ती बाहेर काढतो. गॅरेजात इंजिन उघडले की साहजिकच एक विचार पुढे येतो : एवीतेवी काम काढलेच आहे, तर थोडी ताकदही वाढवून घ्यावी. पूर्वी दुपदरी रस्त्यांवर ऐटीत धावणारी ही गाडी आजच्या चौपदरी महामार्गावर मागे पडते आणि खंबाटकीच्या चढावर तर तिचा जीव मेटाकुटीस येतो. त्यामुळे हा मोह समजण्यासारखा आहे. मात्र ताकद नेमकी कोठून येते आणि तिची किंमत इंजिनाच्या कोणत्या भागाला मोजावी लागते, हे जाणून न घेता केलेला खर्च बहुधा वाया जातो. काही वेळा तर त्यात मूळ इंजिनही हातचे जाते.

रेडिच ते तिरुवोट्टियूर

या इंजिनाची आखणी १९४० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील रेडिच येथे ‘रॉयल एनफिल्ड’च्या कारखान्यात झाली. भारतीय लष्कराच्या मागणीमुळे ही मोटारसायकल १९५० च्या दशकाच्या प्रारंभी भारतात आली. १९५५ मध्ये ‘मद्रास मोटर्स’शी झालेल्या भागीदारीतून ‘एनफिल्ड इंडिया’ची स्थापना झाली आणि तेव्हाच्या मद्रासजवळील तिरुवोट्टियूर येथे तिची जुळणी सुरू झाली. मूळ ब्रिटिश कंपनीचे उत्पादन १९७० च्या सुमारास थांबले, भारतातील कारखाना मात्र चालू राहिला. बिडाचे सिलिंडर असलेले हे इंजिन किरकोळ फेरफार वगळता २०१० च्या सुमारापर्यंत बनत होते. जवळजवळ सहा दशकांच्या या कारकिर्दीमुळेच त्याचे सुटे भाग आजही पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या कुर्ल्यात मिळू शकतात.

३५० सीसी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इंजिनाची प्रत्यक्ष क्षमता ३४६ सीसी आहे. सिलिंडरचा व्यास, म्हणजेच बोअर, ७० मिलिमीटर आणि पिस्टनचा वर-खाली होण्याचा पल्ला, म्हणजेच स्ट्रोक, ९० मिलिमीटर आहे. कारखान्याने सांगितलेली ताकद मिनिटाला ५,६२५ फेऱ्यांवर १८ अश्वशक्ती इतकी आहे. बोअरपेक्षा स्ट्रोक मोठा आणि फ्लायव्हील जड, अशी ही रचना आहे. कमी फेऱ्यांवर भरपूर ओढ देणे हा तिचा स्वभाव असून जास्त फेऱ्यांवर किंचाळत धावणे हे तिचे काम नव्हे. पुढचा प्रत्येक निर्णय या स्वभावाशी जुळवून घ्यावा लागतो.

आधी हरवलेली ताकद शोधावी

तीस-चाळीस वर्षे चाललेल्या इंजिनात १८ अश्वशक्ती क्वचितच शिल्लक असते. म्हणून ताकद वाढविण्याची पहिली पायरी म्हणजे हरवलेली ताकद परत मिळविणे. ही पायरी सर्वांत स्वस्त असते आणि तिच्यात धोकाही सर्वांत कमी असतो.

त्यासाठी इंजिन उघडण्यापूर्वीच निदान करणे उपयुक्त ठरते. अॅक्सिलरेटर पिळल्यावर निळा धूर येत असेल, तर संशय पिस्टन रिंग आणि बोअरवर घ्यावा. उतारावर अॅक्सिलरेटर सोडून पुन्हा पिळताना धुराचा लोट येत असेल, तर व्हॉल्व्ह गाइड झिजले असण्याची शक्यता अधिक असते. चढावर खोलवरून ठोके ऐकू येत असतील, तर कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचे बेअरिंग तपासावे लागते. मेकॅनिक ज्याला ‘हाफ इंजिन’ म्हणतात त्या कामात सिलिंडर, पिस्टन आणि हेड येते, तर ‘फुल इंजिन’मध्ये क्रँकही बाहेर काढला जातो. ताकद वाढवायची असेल, तर हाफ इंजिनवर समाधान मानणे धोक्याचे ठरते. वरचा जोर वाढवून खालचे झिजलेले बेअरिंग तसेच ठेवले, तर ते फार काळ टिकत नाही.

बोअरचे माप वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी घ्यावे लागते. रिंग जेथून मागे फिरते तेथे, म्हणजे वरच्या भागात, झीज सर्वाधिक असते. व्हॉल्व्ह नीट बसतात की नाही, हे पाहण्याची जुनी पद्धत आजही उत्तम आहे. हेड उलटे ठेवून ज्वलनकक्षात थोडे रॉकेल ओतावे. ते पोर्टमध्ये झिरपले, तर सीट कापणे किंवा व्हॉल्व्ह घासणे आवश्यक आहे. कनेक्टिंग रॉडला वर-खाली खेळ असता कामा नये. बाजूला थोडा खेळ असतोच. प्लॅटिनम पॉइंट, कंडेन्सर आणि टायमिंग पुढे-मागे करणाऱ्या वजनांच्या ढिल्या पडलेल्या स्प्रिंगा यांनीही बरीच ताकद खाल्लेली असते. एवढे सारे नीट केल्यावर अनेक मालकांची पुढे जाण्याची इच्छाच उरत नाही.

बोअर वाढविण्याचा गैरसमज

‘बोअर करून घेतली की गाडी पळते’ हा सर्वत्र आढळणारा समज आहे. येथे थोडे गणित पाहिले पाहिजे. बोअर ७० वरून ७१ मिलिमीटर केला, तर क्षमता ३४६ वरून सुमारे ३५६ सीसी होते, म्हणजे वाढ जेमतेम तीन टक्के. गाडी पळू लागते ती नव्या पिस्टन-रिंगांमुळे गळती थांबल्याने, वाढलेल्या मिलिमीटरमुळे नव्हे. उलट प्रत्येक बोअरमागे सिलिंडरची भिंत पातळ होत जाते. म्हणून झीज काढण्यास पुरेल तेवढाच बोअर वाढवून पुढच्या दुरुस्तीसाठी जागा राखणे शहाणपणाचे असते.

खरी वाढ दोन गोष्टींतून मिळते. पहिली म्हणजे कॉम्प्रेशन. जुन्या काळच्या हलक्या प्रतीच्या पेट्रोलचा विचार करून या इंजिनाचे कॉम्प्रेशन बरेच कमी ठेवले होते. ते साडेसहापटीवरून आठपटीवर नेल्यास इंधनातून मिळणारे काम सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यासाठी ज्वलनकक्षाचे आकारमान सुमारे ६३ वरून ४९ सीसीपर्यंत खाली आणावे लागते. एवढा फरक हेड घासून साधण्यापेक्षा योग्य आकाराचा पिस्टन बसविणे चांगले. त्यानंतर पिस्टन व्हॉल्व्हला लागत नाही ना, हे पाहणे अनिवार्य आहे. व्हॉल्व्हच्या जागी पिस्टनवर मऊ माती लावून इंजिन हाताने फिरवावे आणि मातीवर उमटलेला ठसा मोजावा, ही त्याची सोपी रीत.

दुसरी गोष्ट म्हणजे इंजिनाचा श्वास. कारखान्याने स्वतः दिलेले उदाहरण येथे बोलके आहे. याच घराण्यातील ५०० सीसी ‘बुलेट’चा स्ट्रोक तोच ९० मिलिमीटर असून बोअर ८४ मिलिमीटर आहे. क्षमता ४४ टक्क्यांनी वाढली, पण ताकद १८ वरून २२ अश्वशक्तीवर, म्हणजे केवळ २२ टक्क्यांनी वाढली. मोठ्या सिलिंडरला त्या प्रमाणात हवा मिळाली नाही, तर मोठेपण वाया जाते, हाच याचा अर्थ. म्हणून इनलेट पोर्ट आणि कार्ब्युरेटरच्या जोडणीत असलेल्या पायऱ्या व खरबरीत कडा काढणे, सीटच्या आजूबाजूचा मार्ग सुरळीत करणे, २४ मिलिमीटरच्या जागी २८ मिलिमीटरचा कार्ब्युरेटर बसवून त्याचे जेट नव्याने जुळविणे, ही कामे अधिक फळ देतात. पोर्ट आरशासारखा चकचकीत करण्याची गरज नसते. तो भलताच मोठा केला, तर वाऱ्याचा वेग कमी होतो आणि ‘बुलेट’ची मूळची ओढ नाहीशी होते.

बिल क्रँकच्या नावावर

ताकद वर निर्माण होते, तिची किंमत मात्र खाली मोजावी लागते. इंजिनाचे फेरे ५,६२५ वरून ६,५०० वर नेले, तर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १७ मीटरवरून साडेएकोणीस मीटर होतो. फेऱ्यांतील वाढ १६ टक्केच दिसते, पण पिस्टनच्या धक्क्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने कनेक्टिंग रॉड आणि क्रँक पिनवरील ताण सुमारे एकतृतीयांशाने वाढतो. म्हणून या इंजिनात फेरे वाढवून ताकद शोधू नये, तर कमी व मध्यम फेऱ्यांवरची ओढ वाढवावी, असा अनुभवी मेकॅनिकांचा आग्रह असतो.

मूळ इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला पांढऱ्या धातूचा थर असलेले तरते बुश असते. ते चालते शांत, पण स्वच्छ तेलाचा अखंड पुरवठा ही त्याची अट असते. ताकद वाढविताना त्याऐवजी रोलर बेअरिंग बसविण्याची पद्धत आहे. हे काम दाब-यंत्रावर क्रँक उघडून करावे लागते आणि पुन्हा जोडल्यावर दोन्ही फ्लायव्हील एका रेषेत आहेत की नाहीत, हे डायल गेजवर पाहावे लागते. फरक साधारण पाच शतांश मिलिमीटरच्या आत असावा. ज्या मशीन शॉपमध्ये हे मोजून दाखवीत नाहीत, तेथे क्रँक देऊ नये. बिडाच्या व यंत्रकामाच्या कारागिरीसाठी नावाजलेल्या कोल्हापूरसारख्या शहरांत असे काम जाणणारे हात अजूनही आहेत.

तेल आणि उष्णता यांचाही हिशेब ठेवावा लागतो. बीड हे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या तुलनेत उष्णता पुष्कळ हळू बाहेर सोडते. वाढलेली ताकद म्हणजे वाढलेली उष्णता, म्हणून तेलाचे पंप घट्ट व कार्यक्षम असणे, क्रँककडे तेल नेणाऱ्या वाटेवरील सील नवे असणे आणि हेडकडे तेल पोचत असल्याची खात्री करणे आवश्यक आहे. त्याचबरोबर क्लच प्लेट घसरू लागतात, चेनवरचा ताण वाढतो आणि ड्रम ब्रेक आहेत तेवढेच राहतात. थांबण्याची क्षमता न वाढविता पळण्याची क्षमता वाढविणे हा सर्वांत महागात पडणारा बदल आहे.

आजच्या इंधनाचीही एक अट आहे. देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचले. जुन्या रबरी नळ्या, पेट्रोल कॉकमधील बुचाचे वायसर आणि कार्ब्युरेटरमधील रबरी भाग या मिश्रणाने खराब होऊ शकतात, म्हणून ते इथेनॉलला टिकणारे घ्यावेत. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडते. ते सुधारण्यासाठी थोडा मोठा मुख्य जेट लागू शकतो. पातळ मिश्रणावर जास्त कॉम्प्रेशनचे इंजिन चालवले, तर पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नये.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने अशा प्रत्येक अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंडाची तरतूद केली. झिजलेले भाग बदलणे ही दुरुस्ती झाली. ३५० च्या क्रँककेसचे तोंड मोठे करून त्यावर ५०० चे सिलिंडर बसविले, तर नोंदणी पुस्तकातील क्षमता आणि प्रत्यक्ष इंजिन यांत तफावत पडते. अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यातही ही तफावत अडचणीची ठरू शकते. सायलेन्सरच्या मोठ्या आवाजाने ताकद वाढते, हाही भ्रमच आहे. जप्त केलेल्या अशा सायलेन्सरांवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याचे महाराष्ट्रातील शहरांनी पाहिले आहे.

याहून महत्त्वाचा प्रश्न गाडीच्या ओळखीचा आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जाहीर केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे ठेवण्यात आली. मात्र सांगाडा, बाह्यरूप किंवा इंजिन यांत भरीव बदल झालेल्या वाहनाला हा मान मिळत नाही. शिवाय अशी नोंदणी झालेली गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल यांसारख्या कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. म्हणजे रोज वापरायची गाडी आणि वारसा म्हणून जपायची गाडी, यांतली निवड इंजिन उघडण्यापूर्वीच करावी लागते.

जपून ठेवण्याच्या गोष्टी

काम काढल्यावर मूळ सिलिंडर, पिस्टन, कार्ब्युरेटर आणि पॉइंटचा संच भंगारात न देता तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवावा. इंजिन क्रमांक असलेल्या क्रँककेसवर परत न फिरवता येईल असे कोणतेही काम करू नये. प्रत्येक मापाची वहीत नोंद ठेवावी. बोअर कितवा, रिंगची फट किती, जेट कोणता, हे पुढच्या मेकॅनिकला सांगता आले पाहिजे.

नव्या इंजिनाचे पहिले ५०० किलोमीटर संयमाचे असतात. एकाच वेगाने दामटू नये, चढावर वरच्या गिअरमध्ये ओढायला लावू नये आणि पहिले तेल लवकर बदलावे. इंजिन एकदा तापून पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा तपासावेत. कॉम्प्रेशन वाढविले असल्यास किक जड होते. अशा वेळी डाव्या हाताखालचा डीकॉम्प्रेसर दाबून, अॅमीटरचा काटा पाहून पिस्टन योग्य जागी आणण्याची जुनी सवय कामी येते. दोन-तीन अश्वशक्ती वाढलेली, थंड राहणारी आणि ठोके न देणारी ‘बुलेट’ खंबाटकीचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये सहज चढली, तर खर्च सार्थकी लागला असे समजण्यास हरकत नाही. त्यापुढची प्रत्येक अश्वशक्ती क्रँकच्या आयुष्यातून वजा होत असते.