फुंकरीचं कूळ

गेम लागेना की कॅसेट उपसायची, पिनांवर फुंकर मारायची आणि परत खोचायची. नव्वदच्या दशकातल्या पोरांना ही विद्या दिली कुणी? माझं उत्तर: व्हीसीआरने.

बदलता येणारी रॉम कार्ट्रिज, म्हणजे आपली कॅसेट, १९७६ मध्ये फेअरचाइल्डच्या चॅनल एफ या गेमयंत्राने आणली, पुढच्या वर्षी आलेल्या अटारीने ती घरोघर नेली. १९८३ मध्ये अमेरिकेत हा बाजार कोसळला आणि दुधाने तोंड पोळलेले दुकानदार ताकही फुंकून पिऊ लागले. व्हिडिओ गेम म्हटलं की नकोच! त्याच वर्षी जपानात निन्टेन्डोचा फॅमिकॉम आला. त्याची कॅसेट वरून, सरळ खाचेत बसे.

१९८५ मध्ये फॅमिकॉम अमेरिकेत नेताना, तिथले दुकानदार बिचकू नयेत म्हणून, लान्स बार या डिझायनरने त्याला व्हीसीआरचा वेश चढवला. करडी पेटी, समोर झाकण. कॅसेट आडवी आत सरकवायची आणि खाली दाबायची. हे दाबणं ७२ पिनांच्या कनेक्टरला सोसलं नाही, वापराने पकड सैल झाली. त्यात नकली कॅसेटी रोखायला बसवलेली कुलूपचिप. कॅसेटमधल्या जोडीदार चिपशी तिचं बोलणं तुटलं की यंत्र सेकंदाला एकदा रिसेट होई आणि पडदा नुसता उघडझाप करी.

लोक धुळीला दोष देतात. मला ते पटत नाही. कॅसेट काढून पुन्हा बसवताना पिना घासतात, संपर्क जुळतो; श्रेय मात्र फुंकर लाटते. उलट तोंडातल्या ओलाव्याने पिना खराब होतात, म्हणून फुंकू नका असं खुद्द निन्टेन्डोनेच बजावलं होतं. १९९३ मध्ये कंपनीने नवं मॉडेल काढलं, त्यात कॅसेट पुन्हा वरून आणि कुलूपचिप गायब. याहून मोठी कबुली कोणती हवी?

आता अडचण. आपल्याकडे चालले ते फॅमिकॉमचे नकली अवतार. वरची खाच, ६० पिना, कुलूप नाहीच. तरीही फुंकर होतीच! इथे धूळवाल्यांना अर्धा गुण देतो. आपल्या कॅसेटी डब्याविना टीव्हीखाली लोळत, तेव्हा देशी फुंकर स्वतंत्रपणेच जन्मली असणार. चालली मात्र ती त्याच घासण्यावर.

माळ्यावर एखादी कॅसेट सापडली, तर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिनांची पट्टी पुसा, वाळू द्या. फुंकू नका.