बोराटीची वाघीण : शिक्षा की बचाव?

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात, बोराटीच्या रानात एक वाघीण बंदुकीच्या गोळीने मारली गेली. वनखात्याच्या दप्तरी ती टी-१ होती, प्राणिप्रेमींनी तिचे नाव अवनी ठेवले होते आणि आसपासच्या गावांत तिला नरभक्षक म्हणत. जून २०१६ पासून त्या पट्ट्यात १३ माणसांचे बळी तिच्या नावावर मांडले गेले होते. पहिला बळी बोराटीच्याच शिवारातला. वाघीण मेल्यावर गावांनी सुटकेचा श्वास सोडला आणि शहरांत निषेधाचे मोर्चे निघाले. केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी राज्याच्या वनमंत्र्यांवर जाहीर टीका केली. वाघिणीचा जीव मोठा की माणसाचा, असा वाद रंगला. या जिल्ह्याचा इतिहास धुंडाळताना मला मात्र वाटत आले आहे की हा प्रश्नच चुकीचा मांडला गेला. खरा प्रश्न असा, की ती हत्या शिक्षा होती की बचाव?

इंग्रजी अमलात असा प्रश्न कुणाला पडत नसे. वाघ हा उपद्रवी प्राणी ठरवला गेला होता आणि तो मारणाऱ्याला सरकारी खजिन्यातून रोख बक्षीस मिळे. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८० हजारांहून अधिक वाघ मारले गेले, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा अंदाज आहे. त्या काळी वाघ मारण्यासाठी कारण द्यावे लागत नसे. कारण द्यावे लागू लागले ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने. त्याच्या ११ व्या कलमानुसार माणसाच्या जिवाला धोका झालेल्या वाघाला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो, पण ती लेखी आणि सकारण हवी. पकडणे, बेशुद्ध करणे वा हलवणे शक्य नाही याची खात्री आधी व्हावी, ही अट पुढे घातली गेली.

या कलमात नरभक्षक हा शब्द नाही. त्याचा भर प्राण्याच्या अपराधावर नसून माणसापुढच्या धोक्यावर आहे. वाघिणीला पाप-पुण्य ठाऊक नसते, म्हणून तिला अपराधी ठरवता येत नाही आणि जिथे अपराध नाही तिथे शिक्षाही नाही. उरतो तो बचाव, आणि तोही दुसरे सगळे उपाय थकल्यावरच. टी-१ चे प्रकरण नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयाने मारण्याच्या आदेशात हस्तक्षेप केला नाही. मात्र मारणाऱ्याला बक्षीस देऊ नये, हे बजावले. शंभर वर्षांपूर्वी ज्या कामाला सरकार पैसे मोजत होते, त्याच कामाला आता बक्षीस नको, असे न्यायालय सांगत होते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातले सर्वांत मोठे नैतिक पाऊल या एका अटीत आहे.

जनमानस मात्र शिक्षेच्याच भाषेत बोलत राहिले. १३ मृत्यूंचा पुरावा सारखाच भक्कम नव्हता, त्याच रानात टी-२ हा नर वाघही फिरत होता. तरी सगळा हिशेब एकीच्याच खात्यावर मांडला गेला. दुसऱ्या बाजूने तिला दोन बछड्यांची निष्पाप आई केले, आणि गुरे राखायला रोज त्याच रानात जाणारी माणसे त्या चित्रातून गळाली. शिकारीसाठी आणलेल्या हत्तींपैकी एक ऑक्टोबरमध्ये साखळी तोडून सुटला. त्याने एका बाईचा जीव घेतला. ती ना वाघिणीच्या खात्यात मोजली गेली, ना निषेधाच्या मोर्चात कुणाला आठवली.

शिक्षेला समोर एक चेहरा लागतो. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या मृत्यूंना पट्टे नव्हते, पंजा नव्हता, म्हणून नेम कुणावर धरायचा हेच कळेना. माणसाचा जीव अनमोल आहे, हे आपल्याला बहुधा मारणारा डोळ्यांसमोर असेल तेव्हाच आठवते.

बचावाची वाट यापेक्षा लांब आणि कंटाळवाणी आहे. सरपणासाठी, चाऱ्यासाठी, गुरे चारण्यासाठी कोणाला पहाटे रानात जावे लागते? वाघांची संख्या वाढली, टिपेश्वर अभयारण्याची हद्द तेवढीच राहिली, तर बाहेर पडणारा वाघ कुठे जाईल? ही उत्तरे आधी शोधली असतील तरच शेवटच्या गोळीला बचाव म्हणता येईल. ती शोधली नसतील, तर त्या गोळीने फक्त आपला राग शांत होतो.

अकोले तालुक्यातले महादेव कोळी वसुबारसेच्याच दिवशी वाघबारस पाळतात. ज्या तिथीला आपण गाय-वासराची पूजा करतो, त्याच तिथीला ते वाघोबाला नैवेद्य दाखवतात. त्यांना वाघाची भीती नाही असे नव्हे. भीती आहे म्हणूनच नैवेद्य आहे. ज्याची भीती वाटते त्याला वैरी न ठरवता आपली गुरे आणि माणसे कशी सांभाळायची, याचा विचार त्या पूजेत आहे. बोराटीची वाघीण मेली ती वसुबारसेच्या दोन दिवस आधी. त्या वर्षी तिथल्या गुराख्यांची दिवाळी निर्धास्त गेली असेल, आणि त्यांना तो हक्क होता. पण गोळी सुटल्यावर आपले कर्तव्य संपले असे आपण मानले, तर पुढची वाघीण आणि पुढचा गुराखी, दोघांनाही आपण आजच वाऱ्यावर सोडले आहे.